लहान सेकंदकाटा आणि मध्यवर्ती सेकंदकाटा : कुर्डुवाडी जंक्शनच्या संदर्भात एक विचार

चावीच्या घड्याळाच्या तबकडीवर सेकंदकाट्याला दोन जागा मिळालेल्या आढळतात. जुन्या खिशातल्या घड्याळांत तो बहुधा सहाच्या आकड्यापाशी, स्वतःच्या लहानशा वर्तुळात फिरतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बहुसंख्य मनगटी घड्याळांत तो तासकाटा व मिनिटकाटा यांच्याच केंद्रातून निघून तबकडीच्या कडेपर्यंत पोहोचतो. पहिला प्रकार जुना व खानदानी, दुसरा नवा व सोयीचा, असा क्रम सामान्यतः लावला जातो आणि त्यावरून अभिरुचीत पडलेल्या फरकाचा किंवा यंत्रविद्येच्या प्रगतीचा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. सेकंदाचा उपयोग कोणाला, कोणत्या कामी व किती सूक्ष्मतेने करावयाचा होता, हा प्रश्न त्यात सुटून जातो. कुर्डुवाडी जंक्शनासारखे, दोन मापांचे लोहमार्ग एकत्र आलेले स्थळ डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

प्रथम यंत्राची रचना पाहणे अवश्य आहे. नेहमीच्या रचनेच्या घड्याळात मुख्य स्प्रिंगची शक्ती दातेरी चक्रांच्या मालिकेतून एस्केपमेंटपर्यंत जाते. या मालिकेतील मधले चक्र तासाला एक फेरा घेते व मिनिटकाटा त्याच्याशी निगडित असतो. पुढे तिसरे चक्र व त्यानंतर चौथे चक्र येते. हे चौथे चक्र मिनिटाला एक फेरा पुरा करते. त्याचा अक्ष तबकडीबाहेर काढून त्यावर काटा बसविला की सेकंदकाटा तयार होतो. म्हणजे लहान सेकंदकाटा ही यंत्राने जवळजवळ विनामूल्य दिलेली वस्तू होय. तो सहाच्या जागी येतो, कारण चौथे चक्र तेथे असते. त्याच्या वर्तुळासाठी सहाच्या आकड्याचा काही भाग, पुष्कळदा संपूर्ण आकडाच, गाळावा लागतो.

काटा केंद्रात आणावयाचा तर मात्र यंत्राला वेगळे श्रम पडतात. एका पद्धतीत तिसऱ्या चक्राच्या अक्षावर जादा चक्र बसवून मधल्या लहान दातेरी चक्राला गती दिली जाते. परंतु हे लहान चक्र शक्तीच्या मुख्य मार्गावर नसल्याने दात्यांमधील फटीमुळे काटा थरथरतो. तो स्थिर राहावा म्हणून त्यावर एका बारीक पट्टीचा दाब ठेवावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत साऱ्या मालिकेचीच मांडणी बदलून चौथे चक्र केंद्रात आणतात. ही दुसरी मांडणी विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाली. तथापि मध्यवर्ती सेकंदकाटा त्या वेळी प्रथमच अवतरला, असे नव्हे. अशी घड्याळे युरोपात अठराव्या शतकातही होत असत. तसेच बहुतेक घड्याळांवर सेकंदकाटाच नसे अशा काळी, १७०७ साली, जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडीचे ठोके मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेऊन त्यावर ग्रंथ लिहिला. गरज असेल तेथे सेकंद यंत्रातून ओढून काढला जातो, हे यावरून स्पष्ट होते.

आता कुर्डुवाडीकडे वळता येईल. पुण्याहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५९ साली येथवर आला. स्थानकाचे तेव्हाचे नाव बार्शी रोड. १८६० साली गाडी सोलापुरास पोहोचली आणि १८७१ साली रायचूर येथे हा मार्ग मद्रासकडील मार्गाशी जोडला गेला. पुढे १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या योजनेनुसार बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग येथून बार्शीपर्यंत सुरू झाला. तो पुढे पंढरपूर, लातूर व १९२७ पर्यंत मिरजेपर्यंत वाढला आणि त्याची लांबी दोनशे मैलांवर गेली. या रेल्वेचा कारखानाही कुर्डुवाडीतच होता. मुंबई-मद्रास हमरस्त्यावरील गाड्या आणि माणदेश, बालाघाटाकडे जाणाऱ्या छोट्या गाड्या यांची गाठ येथे पडे. म्हणून वेळेचा मेळ घालणे हे या गावाचे नित्याचे काम झाले.

ही वेळ गावची नव्हती. कुर्डुवाडीचे रेखांश सुमारे ७५ अंश २५ कला पूर्व आहे. त्यावरून तेथील स्थानिक मध्यम वेळ ग्रिनिचच्या पुढे सुमारे ५ तास २ मिनिटे येते. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे. रेल्वे सुमारे १८७० पासून मद्रासच्या वेळेने चालत. अर्थात स्थानकाचे घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा सुमारे १९ मिनिटे पुढे असे. १ जुलै १९०५ पासून रेल्वेने साडेपाच तासांची प्रमाणवेळ स्वीकारली व हे अंतर सुमारे २८ मिनिटे झाले. १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ त्यानंतरही अनेक वर्षे टिकवून धरली. या साऱ्या वादात मोजमापाचे एकक मिनिट होते. जुन्या कालगणनेत घटिका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचे. लग्नघटिका साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडणाऱ्या समाजाला सूक्ष्म काल अपरिचित नव्हता. परंतु दर मिनिटाला हिशेब मागणारी सार्वजनिक वेळ त्याला आगगाडीने दिली.

रेल्वेत ही वेळ एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हे तिच्या नियमांवरून कळते. १९७६ च्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे प्रमाणवेळ दररोज १६ वाजता मुख्य स्थानकांना कळविली जाते. गाडी सुटण्यापूर्वी गार्डने आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवावयाचे, ती वेळ चालकास सांगावयाची व चालकाने आपले घड्याळ त्यानुसार लावावयाचे. २०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ हे पदनाम मिळाले. परंतु वेळ घेण्याची व देण्याची ही परंपरा तीच राहिली. या साखळीत सेकंदकाट्याचे काम कोणते? वेळापत्रक मिनिटांत लिहिलेले असते; एका विभागात दोन गाड्या येऊ न देण्याची जबाबदारी ब्लॉक पद्धतीवर असते, खिशातल्या घड्याळावर नव्हे. तेव्हा घड्याळ बंद पडलेले नाही याची खात्री एका दृष्टिक्षेपात देणे आणि मिनिटकाटा खुणेवर असताना सेकंदकाटा साठावर आहे की नाही हे दाखविणे, ही दोनच कामे त्याच्याकडे उरतात. दोन्ही कामांस सहाच्या जागचा लहान काटा पुरेसा होतो. तो मोजणीचे साधन नसून साक्षीदार आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

याला अमेरिकेतील उदाहरणाचा दुजोरा मिळतो. १८९१ साली ओहायो राज्यात किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे थांबून पुन्हा चालू झाल्याने हा अपघात घडला, असे सांगितले जाते. त्यानंतर वेब बॉल याच्या पुढाकाराने रेल्वेच्या घड्याळांची कडक तपासणी सुरू झाली व आठवड्यात ३० सेकंदांहून अधिक फरक पडता कामा नये, असा दंडक घालण्यात आला. या कसोटीला उतरलेली खिशातली घड्याळे सर्रास लहान सेकंदकाट्याची होती. म्हणजे अचूकपणा ही एक गोष्ट व सेकंद वाचण्याची सुलभता ही दुसरी. मध्यवर्ती काट्याचे घड्याळ अधिक अचूक असते, हा समज निराधार आहे.

परंतु रेल्वेतच एक काम असे होते की जेथे सेकंद खरोखर मोजावा लागे. रुळांशेजारच्या मैलाच्या दोन खुणांमध्ये किती सेकंद गेले हे पाहून ३६०० या संख्येला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मैलांत मिळतो. ताशी ६० मैल वेगाने धावणारी गाडी एक मैल ६० सेकंदांत तोडते. तेथे काटा वाचताना दोन सेकंदांची चूक झाली तर उत्तर ५८ येते. फरक दोन मैलांचा पडतो. ताशी १५ मैल वेगाने जाणाऱ्या अरुंद मार्गावरील गाडीला तेच अंतर २४० सेकंदांचे होते व तीच दोन सेकंदांची चूक मैलाच्या अष्टमांशाएवढाही फरक पाडीत नाही. एकाच जंक्शनावर उभ्या असलेल्या दोन गाड्यांत सेकंदाचे मोल असे सोळा पटींनी भिन्न ठरते. लहान वर्तुळातील पाच मिलिमीटर लांबीच्या काट्याचे टोक सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकते. केंद्रातून निघालेल्या बारा मिलिमीटर लांबीच्या काट्याचे टोक सव्वा मिलिमीटर. हलत्या डब्यात हा फरक लहान नाही. वेग वाढला की काटा लांब व्हावा, ही मागणी कामातूनच निर्माण होते.

सैन्याच्या घड्याळांतही हाच भेद दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ब्रिटिश सैन्यासाठी बारा कारखान्यांकडून जी मनगटी घड्याळे घेण्यात आली ती लहान सेकंदकाट्याची होती. त्यानंतर लवकरच, १९४८ पासून, वैमानिक दलासाठी बनलेल्या ‘मार्क ११’ या घड्याळाला मध्यवर्ती काटा होता आणि चावी ओढताच तो थांबत असे. कारण उघड आहे. ताऱ्यांवरून स्थान काढणाऱ्या नाविकाच्या गणितात चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल. एकाच काळी, एकाच राष्ट्राने, दोन प्रकारच्या कामांसाठी दोन प्रकार निवडले. येथे जुने-नवे हा क्रम लागू पडत नाही.

मग सामान्य माणसाच्या मनगटावर मध्यवर्ती काटा का आला? भारतात १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनविण्यास आरंभ केला. तिचे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ मध्यवर्ती सेकंदकाट्याचे होते. ते घेणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला किंवा शेतकऱ्याला मैलाच्या खुणा मोजावयाच्या नव्हत्या. केंद्रातून चालक गती देणारी रचना आता कारखान्यात रूढ झाली होती, तबकडीवर सहाचा आकडा अखंड राहत होता, आणि हाती घेताच घड्याळ चालू असल्याचे दुरूनही दिसत होते. लहान काट्याने गार्डच्या खिशात जे साक्षीदाराचे काम केले, तेच मध्यवर्ती काटा येथे मोठ्या अक्षरांत करू लागला. मोजणीसाठी घडलेले साधन अशा रीतीने पुन्हा साक्षीकडे वळले.

बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारच्या ताब्यात आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या मार्गांचे रुंदीकरण होत गेले व कुर्डुवाडीतील दोन मापांचा संसार संपला. हिंदुस्थान मशीन टूल्सची घड्याळे बनविणारी उपकंपनीही २०१६ साली बंद करण्यात आली. आज या घड्याळांकडे संग्राहक म्हणून पाहणाऱ्यास लहान काटा देखणा वाटेल किंवा मध्यवर्ती काटा ठसठशीत वाटेल. त्या आवडीला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ही आजची आवड मागील पिढ्यांच्या माथी मारू नये. रोजच्या वापरातील वस्तूचा आकार पाहताना तिच्या मालकाची रुची विचारण्यापूर्वी त्याचे काम विचारावे, म्हणजे तबकडीवरील एखाद्या काट्याची जागाही त्या काळाच्या श्रमांविषयी बोलू लागते.