घरच्या घरी गिटारचे ध्वनिमुद्रण : छोटा ऑडिओ इंटरफेस निवडताना

उदगीर, प्रतिनिधी

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत एके काळी हार्मोनियम आणि तबल्याचे राज्य असे. आता त्यांच्या जोडीला गिटार हमखास दिसते. चार-सहा गाणी हातात बसली की शिकणाऱ्याची पुढची इच्छा ठरलेली असते. आपण वाजविलेले नीट मुद्रित व्हावे आणि इतरांना ऐकविता यावे. त्यासाठी लातूरचा स्टुडिओ गाठायचा, तर सुमारे ६५ किलोमीटरचा प्रवास, ताशी भाडे आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून वाजविणे आले. मोबाइलवर मुद्रण करावे, तर गिटारपेक्षा पंख्याची घरघर मोठी ऐकू येते. मग कोणीतरी ‘ऑडिओ इंटरफेस घे’ असे सुचवितो आणि घरात पैसे मागण्याची वेळ येते. हे पैसे कोणत्या गोष्टीवर खर्च करावेत आणि कोणत्या गोष्टीवर करू नयेत, याची माहिती येथे देत आहोत.

ऑडिओ इंटरफेस म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यामधला दुभाषा. गिटारच्या तारेचे कंपन पिकअप किंवा मायक्रोफोन टिपतो आणि त्याचा क्षीण विद्युत संकेत तयार करतो. इंटरफेस हा संकेत पुरेसा मोठा करतो, त्याचे अंकांत रूपांतर करतो आणि यूएसबी वायरीतून संगणकाकडे पाठवितो. संगणकाकडून आलेले अंक पुन्हा ध्वनिसंकेतात बदलून हेडफोनला देणे, हेही त्याचेच काम. लॅपटॉपला माइकचे छिद्र असते हे खरे; परंतु ते बैठकीत बोलण्यासाठी दिलेले असते, गिटारसाठी नव्हे. त्यात थेट गिटार जोडली की आवाज दबका आणि खरखरीत येतो.

घरी मुद्रण करण्याची हौस नवी नाही. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक गिटारचे थर चढवून केलेले ‘लव्हर’ हे मुद्रण १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही टेपवर नव्हे, तर तबकड्यांवर केलेले होते. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारा पोर्टास्टुडिओ बाजारात आणला. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील घरी अशाच यंत्रावर गिटार आणि गाणे मुद्रित केले. ते केवळ नमुन्यादाखल होते, पण पुढे त्याचाच ‘नेब्रास्का’ हा अल्बम झाला. आज तळहाताएवढ्या इंटरफेसमध्ये त्या कॅसेटयंत्राहून कितीतरी स्वच्छ आवाज मिळतो. तेव्हा यंत्र अपुरे पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आपली गिटार कोणती?

निवडीचा पहिला प्रश्न यंत्राचा नसून गिटारचा आहे. इलेक्ट्रिक गिटार असेल, तर इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असे लिहिलेली सोय असलीच पाहिजे. गिटारचा पिकअप अतिशय अशक्त असतो. त्याच्याकडून जास्त विद्युतप्रवाह ओढला, तर वरचे, चमकदार स्वर गळून पडतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून वाद्यासाठीच्या इनपुटचा रोध साधारण दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम ठेवलेला असतो. माइकच्या इनपुटला तो काही हजार ओहमच असतो. काही नवशिके माइकच्या छिद्राला अ‍ॅडॅप्टर लावून गिटार जोडतात आणि ‘मशिन चांगले नाही’ असा निष्कर्ष काढतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

आपल्याकडे बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हाती असते ती साधी अकूस्टिक गिटार. तिला पिकअप नसेल, तर कंडेन्सर मायक्रोफोन लागतो आणि त्याला चालण्यासाठी इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा ‘फँटम पॉवर’ मिळावा लागतो. अशा वेळी सगळी रक्कम इंटरफेसवर न उधळता माइकसाठी राखून ठेवावी. गिटारमध्येच नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असेल, तर वायर थेट जोडता येते. मात्र त्या आवाजात लाकडाचा गोडवा कमी आणि तारेचा कडकडाट अधिक असतो, हे ज्याने दोन्ही ऐकले आहे त्याला सांगावे लागत नाही.

एकटा माणूस एका वेळी एकच गिटार वाजवितो. त्यामुळे आठ-आठ इनपुटांच्या पेट्या घरी निरुपयोगी ठरतात. एक माइक आणि एक वाद्य एवढी सोय पुष्कळांना पुरते. दोन माइक लावून अकूस्टिक गिटार स्टिरिओमध्ये मुद्रित करायची असेल, तर मात्र दोन माइक-इनपुट हवेत. हे आधी ठरविलेले बरे. नंतर इनपुट वाढविता येत नाहीत, यंत्रच बदलावे लागते.

खोक्यावरचे आकडे

जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो ‘१९२ किलोहर्ट्झ’चा. ग्राहकही त्यालाच भुलतो. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ आहे आणि ती वयानुसार घटत जाते. १९८२ मध्ये आलेल्या सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ हा दर ठरला तो त्या मर्यादेचा विचार करूनच. चित्रफितीसाठी ४८ किलोहर्ट्झ वापरतात. घरच्या गिटारसाठी याहून अधिकाची गरज नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. १९२ वर तीच ३४ मेगाबाइटच्या वर जाते. जुना लॅपटॉप त्या ओझ्याखाली धापा टाकू लागतो.

२४ बिट मात्र जरूर पाहावे. १६ बिटमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर तत्त्वतः ९६ डेसिबल असते, तर २४ बिटमध्ये १४४. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की गेनची कळ भीतभीत टोकापर्यंत पिळावी लागत नाही. सर्वांत जोरात वाजविताना काटा शून्याच्या खाली दहा-बारा डेसिबलवर राहील, असे ठेवावे. शून्याच्या वर गेलेला फाटका आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट खोक्यावर छापलेलीच नसते. ती म्हणजे ड्रायव्हर, अर्थात यंत्राला संगणकाशी बोलते करणारे सॉफ्टवेअर. तार छेडल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येईपर्यंत जो विलंब लागतो तो त्यावर अवलंबून असतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरसमोर वाजविण्यासारखा आहे. त्यापुढे बोटे अडखळू लागतात. विंडोजवर वाजविताना संगणकातील अ‍ॅम्पचा आवाज ऐकायचा असेल, तर कंपनीचा स्वतःचा ‘एएसआयओ’ ड्रायव्हर असलेले यंत्र घ्यावे. अगदी स्वस्त यंत्रांना तो अनेकदा नसतो आणि ‘एएसआयओ-फोर-ऑल’ या सर्वसाधारण सॉफ्टवेअरवर काम भागवावे लागते. मॅकवर ही अडचण तुलनेने कमी. नुसती अकूस्टिक गिटार मुद्रित करणाऱ्याला ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण पुरेसे आहे, त्यात आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो.

गुणगुण आणि अर्थिंग

परदेशी पुस्तके आणि चित्रफिती ज्या प्रश्नाला दोन ओळींत आटोपतात, तो आपल्याकडे सर्वांत मोठा आहे. प्रस्तुत प्रतिनिधीने घरी प्रथम गिटार जोडली तेव्हा हेडफोनमध्ये भुंग्यासारखी अखंड गुणगुण ऐकू येत होती. वायर बदलली, दुसरी वायर आणली, इंटरफेस परत करण्याची तयारीही केली. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि खोली एकदम शांत झाली. दोष भिंतीतल्या बोर्डात होता. तीन छिद्रांपैकी वरच्या, मोठ्या छिद्रामागे वायरच जोडलेली नव्हती.

आपली वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींत येते. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि तिच्या शेजारची ११० वर. म्हणजे १०० ची गुणगुण नेमकी या दोन तारांच्या मध्ये येऊन बसते. ती फिल्टरने कापायला जावे, तर गिटारचा खर्जही कापला जातो. म्हणून गुणगुण मुद्रणात येऊच न देणे हाच उपाय.

तिचे मूळ शोधण्याची रीत सोपी आहे. लॅपटॉप चार्जरविना बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष वीजजोडणीचा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर गिटारच्या आतील संरक्षक आवरणाकडे पाहावे. गिटार हातात धरून स्वतःभोवती फिरावे. दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त झाला तर तो सिंगल-कॉइल पिकअपचा गुण आहे आणि महागडा इंटरफेस घेऊनही तो जाणार नाही. भारनियमनाच्या काळात मराठवाड्यात घरोघर इन्व्हर्टर आले. त्यांतील जुन्या ‘स्क्वेअर वेव्ह’ इन्व्हर्टरवर गिटार मुद्रित करणे जवळपास अशक्य; ‘साइन वेव्ह’वर ते जमते.

अर्थिंगचा प्रश्न केवळ आवाजाचा नाही. गिटारच्या धातूच्या तारा वायरीमार्फत इंटरफेसला आणि तेथून लॅपटॉपला जोडलेल्या असतात. चार्जर सदोष असेल आणि अर्थिंग नसेल, तर हात तारेवर असताना झटका बसू शकतो. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल खोल जाते आणि मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. जाणकार वायरमन उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला सांगतात ते यासाठीच. परवानाधारक वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च इंटरफेसच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो आणि तो आधी करावा. गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये.

खोलीबद्दल थोडेसे. स्लॅबची, फरशीची रिकामी खोली घुमते आणि पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात मुद्रणाचे नावच काढायला नको. जुनी माळवदाची घरे ज्यांच्याकडे उरली आहेत ते या बाबतीत भाग्यवान. त्या जाड मातीच्या भिंती बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाहीत. इतरांनी भिंतीवर दोन-तीन वाकळा टांगाव्यात, पंखा आणि कूलर बंद करून पहाटे बसावे. मे महिन्यात हे सोपे नाही, याची कल्पना आहे.

कोणते यंत्र?

बाजारात सर्वांत परिचित नाव फोकसराइटच्या ‘स्कारलेट’ मालिकेचे आहे. तिची चौथी पिढी २०२३ मध्ये आली. यातील ‘सोलो’वर एक माइक आणि एक वाद्य जोडता येते, तर ‘टूआयटू’वर दोन माइक. ऑडियंटच्या ‘इव्हो ४’मध्ये गेन आपोआप ठरविण्याची सोय असून ती नवशिक्याला उपयोगी आहे. मोटूच्या ‘एम २’वर आवाजाची पातळी दाखविणारा लहान पडदा आहे. युनिव्हर्सल ऑडिओच्या ‘व्होल्ट’ मालिकेत आणि स्टाइनबर्गच्या यंत्रांतही या गटातील मॉडेल मिळतात. चार आकडी रकमेत बसवायचे असेल, तर बेरिंगरच्या ‘यू-फोरिया’ मालिकेतील छोटी यंत्रे आहेत. त्यांची बांधणी साधी, पण शिकण्यासाठी पुरेशी. पहिल्या वर्षी या गटातून सुरुवात करून उरलेल्या पैशांत माइक आणि कानाला पूर्ण झाकणारा हेडफोन घेणे, हे प्रस्तुत प्रतिनिधीला अधिक शहाणपणाचे वाटते. टाळ्या आणि हशा यांची बटणे असलेली रंगीत दिव्यांची ‘लाइव्ह साउंड कार्डे’ मात्र मोबाइलवरील गप्पांसाठी आहेत. गिटारसाठी ती घेऊ नयेत.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी ‘क्लास कम्प्लायंट’ यंत्र निवडावे. ते वेगळ्या ड्रायव्हरविना फोनवरही चालते. फोन पुरेशी वीज देईलच असे नाही, तेव्हा वेगळा वीजपुरवठा जोडण्याची सोय पाहून घ्यावी. सॉफ्टवेअरचा खर्च सुरुवातीला नसतो. ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे, अ‍ॅपलच्या यंत्रांवर ‘गॅरेजबँड’ मिळते आणि ‘रीपर’ ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते.

मुंबईत धोबीतलावला १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानात यंत्र हाताळून घेता येते. उदगीरच्या ग्राहकाला एक तर रेल्वेने हैदराबाद गाठावे लागते, नाही तर ऑनलाइन मागवावे लागते. ऑनलाइन घेताना विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे का आणि वॉरंटी भारतातील आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि यंत्रावरील क्रमांक कंपनीकडे नोंदवावा. खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. परत करण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते. त्या अवधीत प्रत्येक इनपुट, ४८ व्होल्टचे बटण आणि हेडफोनच्या दोन्ही बाजू वाजवून पाहाव्यात. ही तपासणी लॅपटॉप बॅटरीवर ठेवून करावी, म्हणजे घराच्या वायरिंगचा दोष यंत्राच्या माथी मारला जाणार नाही.