आधी तेल, मग शिकेकाई
कंडिशनर हा शब्द मराठी घरांत उशिरा आला, म्हणून ती कल्पनाही बाहेरची, असा समज सहज होतो. तो मला पटत नाही. केस मऊ राखण्याचं काम आपल्याकडे न्हाण्याच्या आधीच उरकलं जाई, म्हणून न्हाण्यानंतरची वेगळी वस्तू लागलीच नाही. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल, मग उटणं, मग ऊन पाणी. डोक्यावरून न्हाण्याच्या दिवशीही तेलाचा मान पहिलाच. पाण्याने केस फुगतो, वाळताना आकसतो आणि याच उलाढालीत झिजतो. मॅरिको या मुंबईच्या कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती एकट्या खोबरेलाने. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे विसरू नये. पण कारणही पटण्याजोगं आहे: लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो.

यावर आक्षेप येईल की तेल डोकं थंड राहावं म्हणून किंवा सणाची रीत म्हणून लावत. त्यात केसांची योजना शोधणं म्हणजे आजचं ज्ञान कालच्या माणसांवर लादणं. तेलापुरता हा आक्षेप अर्धा मान्य करता येईल. पण शिकेकाईच्या मिश्रणापुढे तो टिकत नाही. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्यात फेस देणारं सॅपोनिन असतं, तेव्हा मळ काढायला ती दोन पुरेशी होती. मग त्यात मेथ्या कशाला? जास्वंदीची पानं कशाला? दोन्हींना साबणासारखा फेस नाही, आहे तो बुळबुळीतपणा, आणि तो केसावर बसून गुंता सोडवतो. स्वच्छतेला निरुपयोगी जिन्नस मुद्दाम घातला जातो, तेव्हा घालणारीला दुसरं काही साधायचं असतं. जिनसांचं प्रमाण लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून ते नव्हतंच असं होत नाही. कुरळ्या केसांत टाळूचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत उतरत नाही, टोकं कोरडी राहतात. अशा केसांना रिठा कमी आणि मेथी जास्त लागते. तेलकट, सरळ केसांचं याच्या उलट. हे गणित वाटणाऱ्या हाताला ठाऊक असे.

क्रम बिघडवला तो साबणाने. साबण अल्कधर्मी, त्याने केसाचे खवले उघडतात. त्यात विहिरीचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई सौम्य आम्लधर्मी, तिचा असा साका होत नाही. म्हणजे धुतल्यानंतर केस पुन्हा मऊ करण्याची निकड धुण्याचं साधन बदलल्यावर वाढली. १९८० च्या दशकात शाम्पूच्या स्वस्त पुड्या गावोगावच्या दुकानांत पोचल्या आणि तेल न लावता डोकं धुणं सोपं झालं. मऊपणा मग शेवटीच आणावा लागला. बाटलीतला कंडिशनर काही बाबतींत सरस आहे, हे कबूल करायलाच हवं. त्यातली धनभारित द्रव्यं झिजलेल्या केसाच्या ऋणभाराला चिकटून राहतात, मेथीचा बुळबुळीतपणा मात्र पाण्याबरोबर बराचसा वाहून जातो. शिकेकाई डोळ्यांत गेली की झोंबते आणि तिची भरड दाट कुरळ्या केसांत अडकते, म्हणून अशा केसांसाठी ती उकळून, गाळून घेतलेलीच बरी.