आनुवंशिक प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र

जिजाऊंचें जन्मस्थान सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यांत आहे, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. त्याच जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतींत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें अवघ्या ८५५ मुली भरल्या. २००१ मध्यें हा आंकडा ९०८ होता. या आंकड्यांशीं प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञाच्या पदविकेचा काय संबंध, असें वाचक विचारतील. तोच दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, हें १९५६ मध्यें त्यो आणि लेव्हान या संशोधकांनीं दाखविलें. पुढील दहा वर्षांत गर्भजलांतील पेशी वाढवून त्यांतील गुणसूत्रें तपासतां येऊं लागलीं. या विद्येचें प्रयोजन गर्भाचे आनुवंशिक दोष ओळखणें हें; परंतु त्याच कांचपट्टीवर मुलगा कीं मुलगी हेंहि दिसे, आणि आपल्यांतील कित्येकांस रोगापेक्षां त्याचीच उत्सुकता अधिक वाटली. या अनर्थास आळा घालणारा देशांतील पहिला कायदा १९८८ मध्यें महाराष्ट्रानें केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्यें मंजूर होऊन १९९६ पासून अमलांत आला.

या कायद्यानें आनुवंशिक प्रयोगशाळांना नोंदणी सक्तीची केली. १९९६ च्या नियमांनीं तेथील तंत्रज्ञाची पात्रताहि ठरविली: जीवशास्त्रांतील बी.एस्सी., किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा-शिक्षणाची पदवी अथवा पदविका, आणि गर्भपरीक्षेच्या कामाचा निदान एक वर्षाचा अनुभव. नोंदणीचें प्रमाणपत्र पांच वर्षांपुरतें असून तें सर्वांस दिसेल अशा जागीं लावावें लागतें. गर्भाचें लिंग शब्दानें, खुणेनें वा अन्य रीतीनें कळविण्यास मनाई आहे. इतर विद्यांत प्रमाणपत्रावरून मनुष्यास काय येतें तेवढें कळतें. येथें त्यानें काय बोलूं नये, हेंहि कायद्यानें ठरवून दिलें आहे.

तरीहि बुलढाण्याचा आंकडा उतरला, तो हा कायदा अमलांत असतांनाच. प्रयोगशाळेहून स्वस्त व सुटसुटीत असें सोनोग्राफीचें यंत्र तोंवर सर्वत्र पसरलें होतें, आणि २००३ ची कडक दुरुस्तीहि ही घसरण थांबवूं शकली नाहीं. यावरून शिक्षण व नोंदणी निरुपयोगी, असें आम्ही म्हणत नाहीं. विदर्भांत सिकलसेलसारखा आनुवंशिक रक्तदोष आहे. त्याच्या परीक्षेस जाणते तंत्रज्ञ हवेच आहेत. मात्र बुलढाण्याच्या एखाद्या मुलीनें उद्यां ही पदविका घेतली, तर गुणसूत्रें मोजण्याबरोबरच हा इतिहासहि तिला शिकविला जावा, एवढीच आमची मागणी आहे.