आपल्यासारखे कुणी

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागले, की घाटातली वळणे ओलांडल्यावर सेमाडोह लागते. सिपना नदीच्या काठचे हे गाव. मेळघाटात वाघ पाहायला येणारी मंडळी इथे मुक्काम करतात. वाघ दिसेलच याची खात्री नसते, पण कोरकू भाषा मात्र हमखास कानावर पडते. ही भाषा मराठीच्या घरातली नाही आणि गोंडीच्याही नाही. तिचे सगेसोयरे दूर झारखंडात आहेत. दोन या संख्येला संथाळीत ‘बार’ म्हणतात आणि कोरकूत ‘बारी’. मुंडा कुळातली ही बहीण सातपुड्यात एकटीच राहिली आहे.

या भागातले मूल शिकायला अमरावतीच्या वसतिगृहात येते, तेव्हा पुष्कळदा गप्प गप्प असते. आपण म्हणतो, पोर लाजाळू आहे. मग एक दिवस हरिसालकडचा दुसरा मुलगा येतो आणि हा घडाघडा बोलू लागतो. मूल मुके नव्हते. त्याला आपल्यासारखे कुणी भेटले नव्हते.

आता असे समजा, की असे एखादे मूल शिकण्यासाठी चार वर्षे नव्हे, तर दत्तक म्हणून कायमचेच दुसऱ्या समाजात गेले. त्याचे काय होत असेल?

दत्तक ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पण पूर्वीचा दत्तक बहुधा भाऊबंदांतलाच असे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. शेतकऱ्याचा मुलगा राजा झाला, म्हणजे बदल केवढा! तरी कूळ तेच होते, भाषा तीच होती. आनंदराव आणि संपतराव हे सख्खे भाऊही पुढे बडोद्यातच राहिले. ज्याच्याशी गावाकडचे बोलावे, असे माणूस जवळ होते.

स्वातंत्र्यानंतर वेगळ्या प्रकारचे दत्तक सुरू झाले. आपल्याकडच्या संस्थांतली अनाथ व सोडून दिलेली मुले युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांत जाऊ लागली. परदेशी दांपत्यांसाठी वेगळा दत्तक कायदा नव्हता. १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याने मूल ताब्यात घ्यायचे आणि आपल्या देशात जाऊन दत्तक विधी पुरा करायचा, अशी रीत होती. यातल्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. मुलासाठी आधी देशातच घर शोधावे, ते न मिळाल्यास परदेशाचा विचार करावा, अशी शिस्त त्यातून लागली. १९९०मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली.

त्या निकालात आणखी एक गोष्ट होती. परदेशी जाणारे मूल शक्यतो तीन वर्षांच्या आत जावे, म्हणजे ते नव्या संस्कृतीत सहज सामावेल, असे न्यायालयाने म्हटले. त्या काळाचा विचारच तसा होता. दुधात साखर विरघळावी तसे मूल विरघळेल! हेतू चांगलाच होता. भाषा विरघळली, नाव विरघळले, जेवणाची चवही बदलली. चेहरा मात्र विरघळला नाही. वर्गात एकट्याचाच रंग सावळा. ‘तू कुठला?’ हा प्रश्न आईबापांना कुणी विचारत नाही, मुलाला विचारतात. घरात माया भरपूर, पण या प्रश्नाचा अनुभव घरात दुसऱ्या कुणालाच नाही.

हा धडा जगाने हळूहळू घेतला. कोरियन युद्ध १९५३मध्ये थांबले. त्यानंतरच्या काही दशकांत दीड-दोन लाख कोरियन मुले परदेशी घरांत गेली. पुढे अमेरिकेतल्या दत्तक पालकांनीच उन्हाळी शिबिरे सुरू केली. कोलोरॅडोत भारतीय आणि नेपाळी मुलांसाठीही अशी शिबिरे भरू लागली. नाच आणि जेवण हे निमित्त. खरी गोष्ट ही, की ते चार दिवस मूल गर्दीत वेगळे दिसत नाही. १९९९ साली तर प्रौढ झालेले कोरियन दत्तक स्वतःहून वॉशिंग्टनला जमले.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कथा अधिक कडू आहे. त्यांची मुले मोठ्या प्रमाणावर गोऱ्या घरांत व संस्थांत पाठवली गेली. तेव्हा १९७८मध्ये कायदा झाला, की अशा मुलासाठी आधी नातलग, मग त्याचीच जमात आणि त्यानंतर इतर जमातींची कुटुंबे पाहावीत. २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. संयुक्त राष्ट्रांचा १९८९चा बालहक्क करारही हेच सांगतो. आदिवासी मुलाला आपल्या समाजातल्या इतरांच्या सोबतीने आपली भाषा आणि संस्कृती जगता आली पाहिजे, असे त्याचे तिसावे कलम म्हणते. भारताने हा करार १९९२मध्ये स्वीकारला.

‘सोबतीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुस्तकातून संस्कृती कळेल, पण सोबत माणसाचीच लागते. मेळघाटाच्या पायथ्याशी वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. टाकून दिलेल्या अपंग मुलांना बाबांनी आपले नाव दिले. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. बाबांनी नाव दिले हे खरेच, पण ज्यांना आपले दुःख समजावून सांगावे लागत नाही अशी भावंडेही या मुलांना मिळाली.

म्हणून दत्तक आईबाबांना एवढेच सांगावेसे वाटते. मूल वेगळ्या समाजातले असेल, तर ते लपवू नका आणि त्याचे प्रदर्शनही मांडू नका. वर्षातून एकदा सणाला नेऊन आणले, की काम संपत नाही. त्याच्यासारख्या मुलांशी खेळ, शाळा, शेजार यांतून नेहमीची मैत्री होऊ द्या. एखादे मूल म्हणेल, मला नाही जायचे. तेही ऐका. दार उघडे ठेवणे आपले काम, आत केव्हा जायचे ते मूल ठरवील. परदेशातल्या मराठी मंडळांनीही आपल्या गणपतीला, मराठी शाळेला अशा घरांना आवर्जून बोलवावे. मराठी येत नाही म्हणून त्या मुलाला हसू नये.

आणि आपण इथे काय करावे? कासदेकर, बेठेकर, जांभेकर ही मेळघाटातली आडनावे वर्गाच्या हजेरीत आली, की बाकीच्यांनी मागे वळून पाहणे थांबवावे. कोरकू मुलाला मराठी आलीच पाहिजे. पण त्याच्या बाकावरच्या मराठी मुलाला ‘बारी’ म्हणजे दोन, एवढे तरी यायला काय हरकत आहे? एकट्याचे दोघे तिथूनच होतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)