अध्यक्षांच्या ट्रंका

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबांवर लिहायला सांगितलं होतं. सगळा जन्म बँकेत गेलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार! पण हिशेब दरवर्षी छापून सभासदांना वाटले जातात (वाचले जात नाहीत, हा भाग वेगळा). म्हणून मी विषय बदलून मागितला. ब विंगमधल्या ज्या आजोबांना आपण सगळे 'अध्यक्ष' म्हणायचो, त्यांच्या कागदपत्रांची हकीकत लिहितो.

नवीन सभासदांसाठी सांगतो, ते सोसायटीचे अध्यक्ष कधीच नव्हते. एका तालुक्याच्या गावाचे ते नगराध्यक्ष होते आणि उतारवयात मुलाकडे राहायला आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. त्यांच्यामागे काही वर्षांनी गच्चीचा जिना मोकळा करण्याची नोटीस लागली, तेव्हा तिथून त्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या. रद्दीवाला भाव करून गेला होता. त्यांचे चिरंजीव मला म्हणाले, "काका, यात ठेवण्यासारखं काही आहे का, जरा बघता का?" मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. सव्वा वर्ष लागलं.

नगरपालिकेचं दप्तर असताना हे घरातले कागद कशाला जपायचे, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. सभेचं इतिवृत्त, ज्याला सगळे 'प्रोसिडिंग' म्हणतात, ते तर सरकारी दप्तर. त्यात ठराव असतो, सूचक-अनुमोदकांची नावं असतात. मग आणखी काय हवं?

यावर मला महाड आठवतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिथले अध्यक्ष. ठराव झाला खरा, पण तळ्यावर पाणी भरायला जाण्याची सोय कुणाला झाली नाही. तीन वर्षं तो दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतल्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. मग कज्जा. तो मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला डॉ. आंबेडकरांच्या बाजूने सुटला. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

आता बघा, एकाच नगरपालिकेचे दोन ठराव. पहिला का झाला आणि दुसरा का झाला? त्या साडेतीन वर्षांत सभासदांच्या घरी रात्री कोण येऊन बसत होतं, कुणी कुणाशी बोलणं टाकलं, कुणाचं मन खरोखर बदललं आणि कोण नुसतं घाबरलं, हे इतिवृत्ताला विचारून उपयोग नाही. ते सापडलं तर पत्रांत, रोजनिशीत, ठरावाच्या खाडाखोड केलेल्या मसुद्यात सापडतं. परिषदेच्या आयोजकांपैकी रामचंद्र बाबाजी मोरे यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आणि मुलाने त्या छापल्या, म्हणून एक बाजू तरी आतून कळते. बाकीचं घरोघरच्या कपाटांवर अवलंबून. आणि महाडात सावित्रीचं पाणी २००५ आणि २०२१ च्या जुलैत घराघरांत शिरलं होतं. अशा वेळी माणूस आधी पोरंबाळं उचलतो, मग धान्य. कागद खालच्या फळीवरच राहतात.

मोठ्या माणसांचं तसं होत नाही. गोपाळ कृष्ण गोखलेही पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्यांचे कागद दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. पेशव्यांचं दप्तर सरकारने सांभाळलं, म्हणून रियासतकार सरदेसाई त्यातले पंचेचाळीस भाग काढू शकले. पण खासगी घरांतलं जे वाचलं, ते बरंचसं इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांच्या पायपिटीमुळे. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो वाईला मिळालेल्या पत्रांवर. पानिपतच्या काळातली ती पत्रं एका घरात पडून होती. तालुक्याच्या नगराध्यक्षाच्या दारी कोण राजवाडे येणार?

तर ट्रंका. वरच्या थरात हारतुऱ्यांचे फोटो आणि मानपत्रं. घरच्यांना वाटलं, हेच काय ते ठेवायचं. मला ती मानपत्रं सगळ्यात कमी उपयोगाची वाटली. नाव बदललं की कुणालाही चालतील अशी. खरा माल खाली होता. खताच्या कंपन्यांनी दिलेल्या डायऱ्या, पोस्टकार्डं, निनावी पत्रं, निवडणुकीची पत्रकं, लग्नपत्रिकांच्या पाठीवर मांडलेले टँकरच्या खेपांचे हिशेब. एक जुनं बासन मोडीत होतं, बहुधा त्यांच्या वडिलांचं. ते मोडी जाणणाऱ्यासाठी तसंच बाजूला ठेवलं.

मी एकच नियम धरला, आणि तो बँकेतलाच. व्हाउचरच्या गठ्ठ्याचा क्रम मोडायचा नाही. माणसाने ज्या कागदाशेजारी जो कागद ठेवला, त्यालाही अर्थ असतो. त्यांच्या सूनबाईंनी उत्साहाने "सगळी पत्रं एकीकडे, सगळे हिशेब एकीकडे" लावायला घेतलं होतं, ते नम्रपणे थांबवलं. गंजलेल्या टाचण्या काढल्या. रबरबँड वितळून कागदाला चिकटले होते, त्यांच्या जागी पांढरी सुती नाडी बांधली. ओलसर कागद उन्हात न घालता पंख्याखाली सावलीत वाळवले. वर्तमानपत्राची कात्रणं पिवळी पडतात आणि शेजारच्या कागदालाही डाग देतात, म्हणून ती वेगळ्या पाकिटात. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर, बॉलपेन नाही. पाकिटं फेकली नाहीत, कारण पत्रावर तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यावर असते. ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांची पत्रं असतील त्यांना एक विनंती, लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. तापवून चिकटवलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, कागद घेऊनच निघतं.

मग १९७२ ची डायरी हाती आली. दुष्काळाचं वर्ष. ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीला गावाच्या मुख्य लाइनवरून नळ द्यायचा ठराव. इतिवृत्ताची नक्कल आम्ही गावाहून मागवली. त्यात एक ओळ, "सर्वानुमते मंजूर". डायरी निराळंच सांगते. दोन सभा गणपूर्तीअभावी तहकूब, कारण सभासद ठरवून आले नाहीत. बालमित्राचं पोस्टकार्ड, ठराव पुढे रेटलास तर तुझ्या पुतणीची सोयरीक मोडली समज. आणि ती मोडलीही. हे वाचताना चिरंजीव बराच वेळ गप्प होते. त्या पुतणीला, म्हणजे त्यांच्या चुलत बहिणीला, स्थळ का फिरलं ते घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या पानावर मात्र अडलं. तिसऱ्या सभेला गणपूर्ती कशी झाली ते तिथे लिहिलं आहे. एका सभासदाच्या भाच्याला जकात नाक्यावर कारकून लावला. स्वच्छ अक्षरात, नावानिशी, आणि खाली "इलाज नव्हता" एवढंच. चिरंजीव म्हणाले, "काका, हे पान काढून टाकू या. त्यांनी आयुष्यभर कुणाचा चहा घेतला नाही." मुलगी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "दादा, बाबांना नको असतं तर त्यांनी लिहिलंच नसतं." बोलण्याचं वादात आणि वादाचं रडण्यात रूपांतर झालं. मी परका माणूस, काय बोलणार? तरी म्हटलं, हे पान फाडलं तर नळ फुकट आला असं होईल. त्या नळाला एका नोकरीची आणि एका लग्नाची किंमत पडली. तुमच्या वडिलांनी दोन्ही लिहून ठेवल्या आहेत. एक ठेवून दुसरी कशी काढायची?

माझं मत सांगतो, वशिल्याची ती नेमणूक गैरच होती. पण त्या पानामुळे माझ्या मनातला त्यांचा आदर वाढला, कमी झाला नाही. जिन्यात भेटले की "काय साहेब, व्याजदर काय म्हणतो?" विचारणारा माणूस हे ओझं घेऊन वर-खाली करत होता, याची मला दाद नव्हती.

तोडगा मुलीने काढला. तो भाचा हयात आहे, त्याची मुलंबाळं गावात आहेत, त्यांना त्रास नको. अभिलेखागारांतही काही कागद ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची रीत असते. त्याप्रमाणे ती डायरी आणि निनावी पत्रं एका लखोट्यात घातली, लाख लावली, वर तीस वर्षांनंतरची तारीख घातली आणि दोघा भावंडांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. गावाचं नाव मी का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल. बाकीचे सगळे कागद यादीसह गावच्या वाचनालयाने एका लोखंडी कपाटात ठेवले, कपाटाचे पैसे मुलीने दिले. देताना लेखी करारपत्र केलं: मूळ कागद बाहेर द्यायचे नाहीत, कुणालाही बसून वाचता येतील, वाचनालय बंद पडलं तर कपाट घरच्यांना परत.

यादी एक हजार दोनशे चौदा नोंदींची झाली. तिची एक प्रत माझ्याकडे आहे, एक त्यांच्या नातीकडे. ती यंदा नववीत आहे. लखोट्यावरच्या तारखेचं गणित तिनेच केलं. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची असेल, म्हणाली, आणि पेन्सिलीने ते यादीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.