साथीच्या काळात क्रूझची सहल: तब्येत, नियम आणि विमा (लातूर-नांदेडच्या कुटुंबांसाठी)

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणाऱ्या क्रूझ सुरू झाल्यापासून मराठवाड्यातूनही चौकशी वाढली आहे. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्तीनंतरची पहिली मोठी सहल, मुलगा दुबईत किंवा सिंगापूरला असेल तर तिथून पुढे चार दिवस जहाजावर, अशी निमित्ते असतात. जाणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक बरेच, आणि त्यातल्या अनेकांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयात बसवलेला स्टेंट. म्हणून ‘डॉक्टर, आम्ही जाऊ का?’ हा प्रश्न दवाखान्यात येतो. त्याच्या जोडीने ‘मध्येच साथ आली, नियम बदलले तर काय?’ हा प्रश्नही यायला हवा. तो सहसा येत नाही.

कोविडचे प्रवासनियम आज लागू नाहीत. परदेशातून येणाऱ्यांसाठी असलेला ‘एअर सुविधा’ अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण पुढच्या साथीत हेच नियम वेगळ्या नावाने परत येतील. विम्याच्या कागदावरची कलमे तर अजून तशीच आहेत.

जहाजावर साथ वेगळी का वागते

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज थांबवून ठेवले गेले. त्यावर ३,७११ माणसे होती, त्यातली १३८ भारतीय, आणि हे भारतीय बहुतांश कर्मचारी होते. एकूण ७१२ जणांना लागण झाली. तपासणीच्या वेळी त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ना ताप होता, ना खोकला. रुग्ण म्हणून तुमच्यासाठी हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण साथीच्या नियमांत तुम्हाला आजारी वाटते की नाही हे कोणी विचारत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की तुम्ही खोलीत बंद.

आपल्याकडचे उदाहरण जानेवारी २०२२ चे. मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावरच्या एका कर्मचाऱ्याला लागण झाल्याचे आढळले. मग सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली, ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज मुंबईला परतले. नववर्षाची सहल असलेल्या लोकांच्या वाट्याला डेकवरच्या संगीताऐवजी नाकातला स्वॅब आला.

कारण साधे आहे. एकच जेवणघर, एकाच लिफ्टची बटणे, बंद नाट्यगृह, अरुंद बोळ आणि तीच माणसे सलग चार-पाच दिवस. कोविड नसतानाही जहाजावर नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबाची साथ पसरते, आणि त्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने, वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुवा. खिशातल्या बाटलीवर विसंबू नका.

अडकायला समुद्रच लागतो असेही नाही. नांदेडकरांनी हे पाहिले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडातच राहिले. त्यांना न्यायला बसगाड्या आल्या त्या एप्रिलच्या शेवटी, आणि घरी पोहोचल्यावर त्यांच्यातल्या शेकडो जणांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. आठ दिवसांची यात्रा आणि महिनाभराचा मुक्काम. गोळ्या किती न्यायच्या, हे ठरवताना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा.

निघण्यापूर्वी डॉक्टरांशी काय बोलायचे

प्रवासाच्या निदान सहा आठवडे आधी या. आदल्या दिवशी ‘फिट’चा दाखला मागायला आलात तर मी फक्त बीपी मोजू शकतो. आधी आलात तर एचबीए१सी, क्रिएटिनिन, ईसीजी पाहता येतो, गरज असेल तर इको करता येतो, औषध बदलले तर त्याचा परिणाम दिसायला वेळ मिळतो आणि लसीही देता येतात. इन्फ्लुएन्झाची लस साठीनंतर प्रत्येकाने घ्यावी असे माझे मत आहे, सहल असो वा नसो. जहाज आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत थांबणार असेल तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावर निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा नियम साथीचा नव्हे, कायमचा आहे, आणि कोविडच्या गडबडीत लोक तो विसरले.

कोणी जाऊ नये? गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी (जहाजावर तशी सोय आधी पक्की केली नसेल तर), पायऱ्या चढताना किंवा उशीवर सपाट झोपल्यावर दम लागणाऱ्यांनी, आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी. गर्भवतींना बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेतच नाहीत. जहाजावर डॉक्टर असतो, प्राणवायू असतो, ईसीजी असतो. कॅथलॅब नसते. छातीत दुखू लागले आणि बंदर दहा तासांवर असेल, तर ते दहा तास तुमचेच.

औषधे प्रवासाच्या दिवसांच्या दुप्पट घ्या, वर आणखी आठवड्याची. ती सगळी हातातल्या पिशवीत ठेवा, कारण जहाजावर चढताना मोठ्या बॅगा वेगळ्या जातात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचे नाव परदेशातल्या दुकानदाराला कळत नाही. दुबईहून क्रूझ घेणार असाल तर कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांच्यावर तिथे कडक निर्बंध आहेत. नेण्यापूर्वी परवानगीचे पाहा, नाहीतर डॉक्टरांकडून पर्याय घ्या. बोट लागू नये म्हणून आपल्याकडे ॲव्होमिनची पट्टी सगळेच ठेवतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना ती विचारल्याशिवाय देऊ नका. लघवी अडू शकते, झोप येऊन तोल जाऊ शकतो, आणि हलत्या जहाजावर तोल जाणे म्हणजे खुब्याचे हाड.

चाचणी आणि घड्याळ

साथीच्या काळात बहुतेक ठिकाणी ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर चाचणी मागत. मुंबईच्या माणसाला हे सोपे. लातूरहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबई, किंवा नांदेडहून देवगिरी-तपोवनने, मग बंदरावर दोन-तीन तास रांग, म्हणजे तुमच्या ७२ तासांतली एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवासातच जातो. त्यातून चाचणीचा नमुना इथेच तपासला जाणार की बाहेरगावी पाठवणार, हे आधी विचारले पाहिजे. कोविडमध्ये लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, तर नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू झाल्या, पण त्या रुग्णांसाठी होत्या. प्रवाशाला तिथे प्राधान्य मिळेल असे धरू नये. जमत असेल तर दोन दिवस आधी मुंबईला जाऊन तिथेच चाचणी करा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांच्या घरी कोणी खोकत नाही ना, हेही विचारा. त्यात संकोच कसला?

आणखी एक गुंता म्हणजे आजारातून बरे झाल्यावरही आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण मेलेल्या विषाणूचे अंशही ती पकडते. तुमच्यापासून कोणाला धोका नसतो, पण बंदरावरचा अधिकारी अहवाल पाहतो. अशा वेळी पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीचा अहवाल आणि बरे झाल्याचे डॉक्टरांचे पत्र, दोन्ही तारखांसह जवळ ठेवा. काही देश ते मानत, काही मानत नसत, म्हणून बंदर ज्या देशात आहे त्याचा नियम बुकिंगपूर्वी वाचा.

नियम सहलीच्या मध्येच बदलतात, हे तर आपल्या सरकारनेच दाखवले. डिसेंबर २०२१ पासून ठरावीक देशांतून येणाऱ्यांना विमानतळावर चाचणी सक्तीची झाली. ११ जानेवारी २०२२ पासून परदेशातून येणाऱ्या सगळ्यांनाच सात दिवस घरी विलगीकरण आले, आणि १४ फेब्रुवारीपासून ते हटून १४ दिवस स्वतःवर लक्ष ठेवणे एवढेच राहिले. नाताळात निघालेला माणूस ज्या नियमांखाली गेला, त्याच नियमांखाली परतला नाही. म्हणून परतीनंतर लगेच लग्न, कोर्टाची तारीख किंवा नातवाची परीक्षा ठेवू नका.

विमा: कागदावर काय लिहिले आहे

इथे जास्त वेळ द्या. दवाखान्यात माझ्यासमोर रडलेल्या कुटुंबांपैकी अनेकांकडे पॉलिसी होती.

पहिली गोष्ट, घरचा मेडिक्लेम आणि प्रवास विमा वेगवेगळे. मेडिक्लेम बहुधा भारतातल्या उपचारांपुरताच असतो. मुंबई-गोवा-लक्षद्वीप ही देशांतर्गत सहल आहे, तेव्हा तो चालेल असे वाटते. पण पॉलिसीत ‘रुग्णालय’ या शब्दाची व्याख्या असते, त्यात नोंदणी किंवा खाटांची किमान संख्या लागते. जहाजावरचा दवाखाना त्या व्याख्येत बसेलच असे नाही. गोव्यात उतरवून इस्पितळात दाखल केले तर मेडिक्लेम लागू होईल, जहाजावरच्या सलाइनचे बिल मात्र तुमच्या खिशातून जाऊ शकते. समुद्रातून हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणण्याचा खर्च हा आणखी वेगळा मुद्दा, आणि तो प्रवास विम्यात स्पष्ट लिहिलेला हवा. परदेशी क्रूझवर जहाजाचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो आणि ते तुमच्या खोलीच्या खात्यावर चढते. आधी भरायचे, मग विमा कंपनीकडे मागायचे. प्रत्येक कागद जपा.

दुसरी गोष्ट, जुना आजार. ‘गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये आहे, मग आजार कसला?’ असे घरोघर म्हटले जाते, आणि काही एजंटही ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देतात. लिहा. मधुमेह, बीपी, थायरॉईड, स्टेंट, जुना क्षयरोग, सगळे लिहा. समजा उदगीरचे ६८ वर्षांचे निवृत्त शिक्षक दहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात आणि अर्जात ‘नाही’ लिहितात. परदेशी बंदरात न्यूमोनियाने दाखल झाल्यावर तिथला डॉक्टर पहिल्याच ओळीत ‘दहा वर्षांचा मधुमेह’ असे नोंदवतो. दावा तिथेच अडकतो. खरे लिहिले तरी अनेक प्रवास पॉलिसी जुन्या आजाराचा खर्च फक्त जीवावर बेतले तरच देतात. हे आधी माहीत असेल तर जुना आजार धरणारी पॉलिसी जास्त पैसे देऊन घेता येते. साठीनंतर उपचारांवर उपमर्यादाही असतात. वर पन्नास हजार डॉलर लिहिलेले असते, आत खोलीभाडे आणि शस्त्रक्रियेला वेगळी कात्री.

तिसरी गोष्ट, साथ. चार प्रश्न कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. साथीच्या आजारावर उपचार मिळतात का? लक्षणे नसताना पॉझिटिव्ह आलो आणि हॉटेलात विलगीकरणात ठेवले, तर राहण्या-जेवण्याचा खर्च मिळतो का? निघण्यापूर्वी पॉझिटिव्ह आलो तर सहल रद्द झाल्याचे पैसे मिळतात का? सरकारी आदेशाने बंदर बंद झाले तर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते. ‘भीती वाटली म्हणून गेलो नाही’ यालाही पैसे मिळत नाहीत. आणि साथ जाहीर झाल्यानंतर विकत घेतलेल्या पॉलिसीत ती ‘आधीच माहीत असलेली घटना’ ठरू शकते, म्हणून विमा बुकिंगच्या दिवशीच घ्या, निघण्याच्या आदल्या रात्री नको.

जुलै २०२० मध्ये विमा नियामकाच्या आदेशाने ‘कोरोना कवच’ पॉलिसी आली होती, पन्नास हजार ते पाच लाखांची, साडेतीन ते साडेनऊ महिन्यांची, आणि पहिले पंधरा दिवस तिचा उपयोग नव्हता. पुढच्या साथीत अशी पॉलिसी पुन्हा आली तरी ती उपचारांसाठी असेल. बुडालेल्या तिकिटाचे पैसे ती देणार नाही.

सहल कंपनीने ‘विमा समाविष्ट’ म्हटले असेल तर तुमच्या नावाचे प्रमाणपत्र मागा. पैसे परत मिळणार की पुढच्या सहलीचे ‘क्रेडिट’ हेही पावतीवर लिहून घ्या. टाळेबंदीतल्या विमान तिकिटांच्या परताव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला, पण तो विमान तिकिटांपुरता होता. ७५ वर्षांच्या माणसाला दोन वर्षांनंतरच्या क्रूझचे क्रेडिट देणे ही थट्टाच.

एक विनंती डॉक्टरांच्या वतीने. सहल रद्द झाल्यावर ‘डॉक्टर, मागच्या तारखेचे आजारपणाचे पत्र द्या’ असे म्हणू नका. ते खोटे असते, विमा कंपनी इस्पितळाची नोंदवही तपासते आणि मग खरा दावाही बुडतो. आजारी पडाल त्या दिवशी दाखवा, त्या दिवशीचाच कागद घ्या.

दावा करताना

त्रास सुरू होताच, शक्यतो दाखल होण्यापूर्वी, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक बरोबर नसलेल्या मुलाकडे-सुनेकडेही ठेवा, कारण समुद्रात तुमच्या फोनला रेंज नसेल. जहाजाच्या डॉक्टरची नोंद, चाचणीचे अहवाल, विलगीकरणाचा लेखी आदेश आणि बिले यांचे फोटो त्याच दिवशी घरी पाठवा. विलगीकरणाचा आदेश तोंडी दिला तर लेखी मागा, त्याशिवाय तो खर्च सिद्ध होत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लातूर आणि नांदेडसाठी हे कार्यालय पुण्याला आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. सोबत नकाराचे पत्र, पॉलिसी आणि उपचारांचे कागद जोडा. डॉक्टरांकडून मूळ आजार आणि नवा आजार यांचा संबंध आहे की नाही, हे सांगणारे पत्र मागून घ्या. ते द्यायला आम्ही बांधील आहोत, फक्त ते खरे असेल तेच लिहू.