बांधकाम सुरक्षा व्यवस्थापनाचे डिजिटलीकरण

बांधकाम सुरक्षा व्यवस्थापनाचे डिजिटलीकरण म्हणजे बांधकामाच्या जागेवरील तपासण्या, काम-परवाने, प्रशिक्षण व अपघात यांच्या नोंदी कागदी वह्यांऐवजी मोबाइल, संगणक व संवेदक यांच्या साहाय्याने ठेवण्याची पद्धत. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः उरण व पनवेल परिसरात, मोठी कामे एकाच काळात उभी राहिल्याने या विषयाला तेथे वेगळे महत्त्व आहे.

कागदी पद्धत

कागदी पद्धतीत परांची तपासल्याची नोंदवही, क्रेनचे तपासणीपत्रक, उंचीवर किंवा खोल चरात काम करण्याचा परवाना आणि रोजच्या सुरक्षा-सूचनेच्या वेळी घेतलेल्या सह्या असे साहित्य साइटच्या कचेरीत साठत जाते. परवाना ठरावीक पाळीपुरताच वैध असतो. जागा पाहून, धोका दूर केल्याची खात्री करून मगच जबाबदार व्यक्तीने त्यावर सही करावी, असे अपेक्षित असते. प्रत्यक्षात सही कचेरीत बसूनही होऊ शकते आणि आठवड्याचे तक्ते एकाच दिवशी भरले तरी कागदावरून ते ओळखता येत नाही. कागदी पद्धतीचा खरा दोष हाच आहे. कागद भिजतो वा हरवतो, ही त्यामानाने लहान अडचण. तथापि सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात तीही अगदीच दुर्लक्षणीय नव्हे.

रायगड किनारपट्टीवरील परिस्थिती

शिवडी ते न्हावा-शेवा सागरी सेतू (अटल सेतू) सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा असून त्यापैकी सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. त्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले व १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे टेकडी सुरुंगाने फोडावी लागली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

अशा कामांत मजूर एका ठिकाणी नसतात. काही खाडीतील खांबावर, काही तराफ्यावर, तर काही किनाऱ्यावरील ओतकामाच्या आवारात असतात. भरती-ओहोटी, वाऱ्याचा वेग व सुरुंगाची वेळ यांप्रमाणे परवानगी दिवसातून अनेकदा बदलते. सकाळी लिहिलेला कागद दुपारी खोटा ठरतो, आणि दूरच्या खांबावरील मुकादमाला ते कळण्याचा खात्रीचा मार्ग उरत नाही. खाडीलगतची माती मऊ व पाणथळ असल्याने चर ढासळण्याची भीती असते. भारतीय मानक आय.एस. ३७६४ नुसार मातीतील १.५ मीटरपेक्षा खोल चराला आधार देणे अपेक्षित आहे; पाऊस पडून गेल्यावर तो आधार पुन्हा पाहिला की नाही, हा प्रश्न नोंदीवाचून सुटत नाही.

साधने

परांचीवर लावलेले क्यूआर चिन्ह मोबाइलने वाचले की शेवटची तपासणी कधी व कोणी केली ते दिसते. परवाना मोबाइलवर दिल्यास त्यावर वेळ, स्थान व छायाचित्र आपोआप नोंदले जाते. वारा मर्यादेबाहेर गेल्यास क्रेनचा परवाना तात्काळ थांबवता येतो. थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती मजुराला आपल्या भाषेत, बोलूनही देता येते. रायगडच्या कामांवर अनेक राज्यांतील मजूर असतात, म्हणून ही सोय इतर सर्व सोयींपेक्षा अधिक मोलाची मानावी लागेल. हाँगकाँगमध्ये २०२३ पासून ३ कोटी हाँगकाँग डॉलरपेक्षा मोठ्या सरकारी बांधकाम कंत्राटांत अशी यंत्रणा बसवणे बंधनकारक करण्यात आले.

कायदेशीर स्थिती

इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ अन्वये नियोक्त्याने नोंदवह्या ठेवणे, तसेच ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही त्याची सूचना अधिकाऱ्यास देणे आवश्यक होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली, तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनी विविध कामगार कायद्यांखालील नोंदवह्या एकत्र करून त्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्यास वाव दिला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून १९९६ च्या अधिनियमासह १३ कायदे तिच्यात सामावले आहेत. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पूर्वी ५०० कामगारांची होती, ती बांधकामासाठी २५० वर आली.

मर्यादा व आक्षेप

खोटी नोंद मोबाइलवरही करता येते: जुने छायाचित्र पुन्हा जोडणे, न पाहताच सर्व रकान्यांत खूण करणे हे प्रकार यंत्र पूर्णपणे रोखू शकत नाही. उपकंत्राटदाराकडील रोजंदारी मजूर बहुधा या यंत्रणेबाहेर राहतात, आणि धोका मात्र त्यांनाच अधिक असतो. मजुराचा चेहरा, ठसा व क्षणोक्षणीचे स्थान नोंदले जात असल्याने ती माहिती सुरक्षेऐवजी हजेरी कापण्यासाठी वापरली जाण्याची शंका घेतली जाते. टळलेल्या अपघाताची खबर देणाऱ्यालाच दंड बसत असेल, तर खबर येणे थांबते व पडद्यावरील तक्ता स्वच्छ दिसू लागतो. समुद्रातील कामावर मोबाइल जाळे तुटक असल्यास नोंद आधी उपकरणात साठवून नंतर पाठवणारी प्रणाली लागते. तोवर बऱ्याच ठिकाणी कागदी परवाना सोबत ठेवला जातो.